मोठी संख्या कशी उलगडावी: मूळ अवयवांपासून गुणधर्मांपर्यंत

नऊ अंकी संख्या देऊन ‘हिचे विभाजक किती?’ असं विचारलं की हात आधी सूत्राकडे जातो. सूत्र बहुतेकांना बरोबर आठवतं, तरी उत्तर चुकतं. चूक सूत्रात नसते, त्याच्या आधी काढलेल्या मूळ अवयवांत असते. कुठेतरी एखादा घातांक एकाने कमी राहिलेला असतो, किंवा ‘ही मूळच दिसते’ म्हणून सोडून दिलेली संख्या प्रत्यक्षात संयुक्त असते. विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, सहमूळ संख्यांची मोजणी, संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही, हे सगळं त्याच पायावर उभं असतं. त्यामुळे पाया चुकला की एकही उत्तर वाचत नाही.

इथे आपण एकच संख्या अखेरपर्यंत नेऊ: १२१३५२६१६. ती मुद्दाम निवडली आहे, कारण जिथे जिथे नेहमी पाय घसरतो त्यातल्या बऱ्याच जागा तिच्यात आहेत. नुसतं वाचू नका, कागद घेऊन सोबत करा.

## तयारी

संख्या उतरवून घ्या. आपण ही संख्या १२,१३,५२,६१६ अशी लिहितो आणि वाचतो: बारा कोटी तेरा लाख बावन्न हजार सहाशे सोळा. पुढच्या काही कसोट्यांना मात्र उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात: १२१ | ३५२ | ६१६. लाख-कोटींचे स्वल्पविराम तसेच ठेवून गट पाडले तर कसोटी चुकते. म्हणून स्वल्पविराम आधीच काढून टाका.

उतरवलेली संख्या तपासताना फक्त अंकांची बेरीज (इथे २७) जुळवून थांबू नका. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले तरी बेरीज तीच राहते. अंक नऊच आहेत ना ते मोजा आणि संख्या उजवीकडून डावीकडे एकदा वाचून ताडून पाहा.

मूळ संख्यांची यादी. १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या लिहून समोर ठेवा. यादीत हमखास घुसणाऱ्या चार संख्या ५१, ५७, ८७ आणि ९१. त्या अनुक्रमे ३×१७, ३×१९, ३×२९ आणि ७×१३ आहेत.

साधन तपासा. स्प्रेडशीट साधारणपणे १५ सार्थ अंकच जपते, त्यापुढचे अंक न सांगता शून्य होतात. अनेक संगणकी भाषांत दशांश प्रकारच्या संख्येची अचूकता ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे संपते. तुमच्या साधनात ९००७१९९२५४७४०९९३ टंकून पाहा. शेवटचा ३ बदलला, तर एवढ्या मोठ्या संख्यांसाठी ते साधन वापरू नका. पायथनसारख्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकार पूर्णांकाचाच (दोन तिरप्या रेघांचा) हवा. एका रेघेने भागलं की उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडतात.

वर्गमूळाचा अंदाज. ११०१६ चा वर्ग १२१३५२२५६, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा ३६० ने कमी. ११०१७ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणून वर्गमूळ ११०१६ हून किंचित जास्त आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव ११०१६ च्या आत असलाच पाहिजे. ही मर्यादा पुढे प्रत्येक भागाकाराबरोबर खाली येत जाईल.

## टप्पा १: भाग देण्याआधी कसोट्या

२ चे घात. शेवटचे तीन अंक ६१६ आणि ६१६ = ८×७७, म्हणून ८ ने भाग जातो. १६ साठी शेवटचे चार अंक पाहायचे. २६१६ ला १६ ने भागल्यावर ८ उरतात. म्हणजे २ चा घातांक नेमका ३.

३ आणि ९. अंकांची बेरीज २७. ती ९ ने विभाज्य आहे, म्हणून संख्याही ९ ने विभाज्य.

*सावधान:* ‘बेरीज २७, म्हणून २७ ने भाग जातो’ हा निष्कर्ष चूक आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पर्यंतच चालते, कारण १० ला ९ ने भागल्यावर १ उरतो, २७ ने भागल्यावर उरत नाही. आपली संख्या २७ ने विभाज्य नाही, हे पुढच्या टप्प्यात दिसेल. त्यामुळे ती हर्षद संख्याही ठरत नाही. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी हे नाव दिलं आहे.

७, ११ आणि १३ एकदमच. १००१ = ७×११×१३. म्हणून तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक करा: ६१६ − ३५२ + १२१ = ३८५. आता ३८५ तपासा. ७ ने भाग जातो, ११ ने जातो, १३ ने जात नाही. आपल्या संख्येचंही तसंच.

*सावधान:* ३८५ ला ५ नेही भाग जातो, पण त्यावरून आपल्या संख्येबद्दल काहीच कळत नाही. ही कसोटी १००१ च्या अवयवांपुरतीच आहे. आपली संख्या ६ वर संपते, तेव्हा तिला ५ ने भाग जाणं शक्यच नाही. कसोटीतून उरलेल्या छोट्या संख्येचे सगळे अवयव मोठ्या संख्येला चिकटवणं ही चूक फार जण करतात.

## टप्पा २: क्रमाने भागत जा

कसोटीवरून भाग जातो एवढंच कळतं, किती वेळा जातो हे कळत नाही. ते प्रत्यक्ष भागूनच ठरवायचं. लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा आणि भाग जाणं थांबेपर्यंत तीच संख्या सोडू नका.

१२१३५२६१६ ÷ २ = ६०६७६३०८
६०६७६३०८ ÷ २ = ३०३३८१५४
३०३३८१५४ ÷ २ = १५१६९०७७ (विषम, २ संपले)
१५१६९०७७ ÷ ३ = ५०५६३५९
५०५६३५९ ÷ ३ = १६८५४५३ (अंकांची बेरीज ३२, ३ संपले)
१६८५४५३ ÷ ७ = २४०७७९
२४०७७९ ÷ ७ = ३४३९७
३४३९७ ÷ ७: बाकी ६, ७ संपले
३४३९७ ÷ ११ = ३१२७
३१२७ ÷ ११: बाकी ३, ११ संपले

सातची दुसरी ओळ नीट पाहा. २ आणि ३ ने पुन्हा भागून बघायची सवय सगळ्यांना असते, कारण त्यांच्या कसोट्या तोंडपाठ असतात. ७ ने एकदा भाग गेला की मात्र बरेच जण थेट ११ वर उडी मारतात आणि ७² चा ७ होतो. हे टाळायला ‘संपले’ ही नोंद बाकीसकट लिहा. बाकी लिहिल्याशिवाय पुढच्या मूळ संख्येकडे जायचं नाही.

## टप्पा ३: उरलेल्या ३१२७ चं काय?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. ३१२७ विषम आहे, अंकांची बेरीज १३ आहे, ती ५ वर संपत नाही, ७ आणि ११ तर आत्ताच संपले. दिसायला ती अगदी मूळ वाटते. पण संख्या मूळ आहे की नाही हे दिसण्यावरून ठरत नाही.

आता मर्यादा ११०१६ राहिलेली नाही. ५६ चा वर्ग ३१३६, म्हणून ३१२७ चं वर्गमूळ ५६ च्या जरा आत आहे. १३ ते ५३ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. बाक्या अशा येतात:

१३ ला ७, १७ ला १६, १९ ला ११, २३ ला २२, २९ ला २४, ३१ ला २७, ३७ ला १९, ४१ ला ११, ४३ ला ३१, ४७ ला २५.

दहा वेळा अपयश आलं आणि एकच मूळ संख्या उरली. बहुतेक जण नेमके इथे कंटाळून ‘मूळ’ लिहून मोकळे होतात. पण ५३ × ५९ = ३१२७.

दुसरी वाट कितीतरी जवळची आहे आणि ती आधी वापरायला हवी. उरलेल्या संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्या आणि फरक पाहा: ३१३६ − ३१२७ = ९, म्हणजे ३ चा वर्ग. मग ३१२७ = ५६² − ३² = (५६ − ३)(५६ + ३) = ५३×५९. फरक वर्ग आला नाही तर त्यापुढचा वर्ग घ्यायचा. ही रीत दोन अवयव एकमेकांजवळ असतील तेव्हाच झटपट चालते. एक लहान आणि एक मोठा असेल तर ती फार वेळ खाते, म्हणून पाच-सहा वर्गांत जमलं नाही तर सरळ भागाकाराकडे वळा.

पूर्ण मांडणी: १२१३५२६१६ = २³ × ३² × ७² × ११ × ५३ × ५९

*तपासा:* यादीतला प्रत्येक अवयव खरंच मूळ आहे का? ५९ ला २, ३, ५, ७ पैकी कशानेच भाग जात नाही आणि ११ चा वर्ग ५९ च्या पुढे आहे, म्हणून ते मूळ. ५३ चंही तसंच.

## टप्पा ४: पुढे जाण्याआधी पडताळणी

अवयवांचा पुन्हा गुणाकार करणं सर्वांत खात्रीचं. हाताने करताना बाकीची कसोटी सोबत ठेवावी, पण ती कोणत्या संख्येने घ्यायची हे विचारपूर्वक ठरवा. सवयीने लोक ९ ने बाकी काढतात. आपल्या संख्येत ३² आहे, त्यामुळे मांडणीत ३² असेपर्यंत दोन्हीकडे शून्यच येणार, बाकीचे अवयव कितीही चुकले तरी. ११ ची गतही तीच. मांडणीत नसलेली मूळ संख्या निवडा. इथे १३ सोयीची, कारण अर्धं काम झालेलंच आहे.

आपल्या संख्येची बाकी म्हणजे ३८५ ची बाकी: ८.

अवयवांकडून: ८×९ = ७२, बाकी ७. ४९ ची बाकी १०, ७×१० = ७०, बाकी ५. ५×११ = ५५, बाकी ३. ५३ ची बाकी १, म्हणून ३ तसाच. ५९ ची बाकी ७, ३×७ = २१, बाकी ८. जुळलं.

बाकी जुळली म्हणजे मांडणी सिद्ध झाली असं नाही, पण जुळली नाही तर चूक नक्की आहे. न जुळता पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा ५: विभाजक किती?

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. घातांक ३, २, २, १, १, १.

४ × ३ × ३ × २ × २ × २ = २८८

यात १ आणि संख्या स्वतः दोन्ही आले. विषम विभाजक हवे असतील तर २ चा हिस्सा सोडा: ३×३×२×२×२ = ७२. उरलेले २१६ सम.

आधीच्या चुका इथे काय करतात ते पाहा. ३१२७ मूळ मानली तर १४४ येतात, बरोबर निम्मे. ७ चा घातांक १ धरला तर १९२. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी रास्त आहेत आणि त्यांच्याकडे नुसतं पाहून चूक कधीच पकडता येणार नाही.

*तपासा:* विभाजक जोडीने येतात, एक वर्गमूळाच्या खाली आणि एक वर. २८८ ची यादी करायची असेल तर ११०१६ पर्यंतचे १४४ शोधा, बाकीचे भागून मिळतील.

## टप्पा ६: विभाजकांची बेरीज

प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंत बेरीज करा, मग त्या बेरजांचा गुणाकार.

२³ साठी १ + २ + ४ + ८ = १५
३² साठी १ + ३ + ९ = १३
७² साठी १ + ७ + ४९ = ५७
११ साठी १२, ५३ साठी ५४, ५९ साठी ६०

१५ × १३ × ५७ × १२ × ५४ × ६० = ४३,२१,५१,२००

*सावधान:* ७² साठी ‘८ × ८ = ६४’ लिहू नका. गुणाकार वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या हिश्शांचा होतो, एकाच मूळ संख्येचे तुकडे पाडून नाही. १ विसरून ५६ लिहिणारेही भेटतात.

संख्या स्वतः वगळली तर उरते ३१,०७,९८,५८४. ही बेरीज आपल्या संख्येपेक्षा मोठी आहे, आणि ती तशी येणारच होती: ६ च्या पुढच्या ६ च्या कोणत्याही पटीत असंच घडतं. तुमची बेरीज संख्येपेक्षा लहान आली असेल तर इथेच थांबून मागे जा.

## टप्पा ७: सहमूळ संख्या किती?

१ पासून १२१३५२६१६ पर्यंत अशा किती संख्या आहेत, ज्यांचा आपल्या संख्येशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही? प्रत्येक घातातून एक पायरी खालचा घात वजा करा.

२³: ८ − ४ = ४
३²: ९ − ३ = ६
७²: ४९ − ७ = ४२
११: १०, ५३: ५२, ५९: ५८

४ × ६ × ४२ × १० × ५२ × ५८ = ३,०४,०१,२८०

७² साठी ६×६ = ३६ लिहिणं ही इथली नेहमीची चूक. पडताळणी अशी: संख्येचा चौथा भाग ३,०३,३८,१५४ आणि आपलं उत्तर त्याच्या किंचित वर. (१/२)×(२/३)×(६/७)×(१०/११) हा गुणाकार सुमारे ०.२६ आहे आणि ५३ व ५९ तो थोडासाच खाली आणतात, म्हणून चौथ्या भागाच्या आसपासचं उत्तर योग्य वाटतं.

## टप्पा ८: वर्गांशी नातं

पूर्ण वर्ग आहे का? शेवटचा अंक ६, वर्गाला चालतो. शेवटचे दोन अंक १६, तेही चालतात. संख्या ९ ने विभाज्य, तेही चालतं. वर्गमूळ ११०१६.०१६… आठच अंक दाखवणाऱ्या पडद्यावर दशांशाचे तीनच अंक दिसतात, आणि उत्तर पूर्णांकात गोल करून देणाऱ्या साधनात नुसतं ११०१६. अशा वेळी पूर्ण वर्ग समजून बसणं सोपं आहे. पण २ चा घातांक ३ आहे, विषम. एवढं एक कारण पुरतं: ही पूर्ण वर्ग नाही. वर्ग करायचा असेल तर विषम घातांकाच्या अवयवांनी गुणा: २×११×५३×५९ = ६८७९४. यापेक्षा लहान गुणकाने वर्ग होणार नाही.

दोन वर्गांची बेरीज होऊ शकते का? ४ ने भागल्यावर ३ उरतात असे मूळ अवयव वेगळे काढा: ३, ७, ११, ५९. यातल्या प्रत्येकाचा घातांक सम असला तरच दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज शक्य आहे. ३ आणि ७ चे सम आहेत, ११ आणि ५९ चे विषम. म्हणून नाही.

*सावधान:* ११×५९ = ६४९ आणि ६४९ ला ४ ने भागल्यावर १ उरतो. गुणाकार पाहून ‘चालतं’ म्हणू नका. अट प्रत्येक अवयवाला स्वतंत्रपणे लागू आहे.

## टप्पा ९: उरलेली संख्या खूप मोठी असेल तर

आपल्याला ३१२७ उरली. तिच्या जागी दहा-बारा अंकी किंवा त्याहून मोठी संख्या उरली तर हाताने भागत बसण्यात अर्थ नाही. आधी ती मूळ आहे का ते तपासा, अवयवांच्या मागे नंतर लागा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचं १८७६ मध्ये गणिती लुकासने दाखवलं, पण तिचे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ गणिती कोलने १९०३ मध्ये मांडले.

साधी फर्मा कसोटी एकटी पुरत नाही. तिच्यात एक छोटी संख्या निवडतात, तिला आधार म्हणतात; तपासायच्या संख्येतून १ वजा करून येईल तेवढा आधाराचा घात त्या संख्येने भागल्यावर १ उरतो का ते पाहतात. ५६१ = ३×११×१७ ही संख्या तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक आधारावर ती कसोटी पार करते. तिच्याहून कडक अशी मिलर-राबिन कसोटी वापरा. आधार २ घेऊन ३१२७ वर ती अशी चालते:

१. ३१२७ मधून १ वजा करा आणि २ बाहेर काढा: ३१२६ = २ × १५६३.
२. २ चा १५६३ वा घात ३१२७ ने भागल्यावर काय उरतं ते काढा. उत्तर २७३.
३. २ एकदाच बाहेर निघाला, म्हणून बाकी १ किंवा ३१२६ असायला हवी होती. ती नाही, म्हणून ३१२७ निश्चित संयुक्त.

दुसऱ्या पायरीत आधी सगळा घात काढू नका, तो ४७१ अंकी होतो. प्रत्येक वर्ग केल्यावर लगेच ३१२७ ने भागून बाकीच पुढे न्या.

कसोटी ‘संयुक्त’ म्हणाली तर ते अंतिम. ‘पार’ म्हणाली तर आधार किती घेतले ते पाहा. २, ३, ५ आणि ७ हे चारही आधार घेतले तर ३२१५०३१७५१ च्या आतल्या प्रत्येक विषम संख्येसाठी निकाल पक्का असतो. नेमकी ३२१५०३१७५१ मात्र चारही आधार पार करते आणि तरी १५१×७५१×२८३५१ अशी फुटते. त्यापुढच्या संख्यांना चार आधार पुरे मानू नका.

कसोटीने संयुक्त ठरवलं आणि अवयव मात्र सापडले नाहीत, तर मांडणीत त्या तुकड्यापुढे ‘संयुक्त, अवयव बाकी’ असं स्पष्ट लिहा आणि टप्पा ५ ते ८ तिथेच थांबवा. त्या तुकड्याला एकच अवयव धरून काढलेला विभाजकांचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा कमीच येईल.